नावेला पंखा कितीचा?

दिवाळीच्या सुटीत चार दिवस पिशोरला जाऊन आलो. कन्नड तालुक्यातलं हे गाव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. अंजना नदीचा काठ, शिवारात अद्रक, मका आणि कपाशी. समुद्र इथून एका रात्रीच्या प्रवासाइतका लांब! तरीसुद्धा शर्यतीच्या नौकेला पंखा कसा निवडतात हे समजावून सांगायचा योग आला तो याच गावात, आणि तोही गुरांना पाणी पाजायच्या हौदावर.

झालं असं, की भाचेमंडळींची पैज लागली होती. भाचा आठवीत, भाची पाचवीत. दोघांनी थर्मोकोलच्या खोक्यातून एकेक नाव कापली होती. मोडक्या खेळण्यांतल्या छोट्या मोटरी, दोन-दोन पेन्सिल सेल, बॉलपेनच्या रिकाम्या नळीतून ओवलेली सायकलच्या चाकाची तार आणि आत पाणी शिरू नये म्हणून नळीत कोंबलेलं ग्रीस. दोघांचं सामान अगदी सारखं. फरक फक्त पंख्यात. भाच्यानं तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा चांगला बशीएवढा पंखा कापला होता. भाचीच्या वाट्याला उरलेला तुकडा आला, म्हणून तिचा पंखा रुपयाच्या नाण्याहून जेमतेम मोठा.

"मामा, तिची नाव काय पळंल? एवढुसा तर पंखा!" भाचा म्हणाला.

नावा सुटल्या. भाच्याची नाव पाणी ढवळत, गुरगुरत दोन हात गेली आणि रेंगाळली. भाचीची नाव मात्र सुरसुरत पलीकडच्या काठाला जाऊन टेकली! भाच्यानं आपली नाव उचलून मोटरीला बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं. "काहून तापली इतकी?"

दाजी शेजारीच म्हशीला पाणी दाखवत होते. ते म्हणाले, "ट्रकभर माल टेम्पोत भरला, तर टेम्पो तापणार नाही तर काय होईल?"

दाजींनी एका वाक्यात निम्मं शास्त्र सांगून टाकलं. पंखा मोठा म्हणजे त्याला प्रत्येक फेऱ्यात जास्त पाणी मागं ढकलावं लागतं. ते ढकलायची ताकद मोटरीत नसेल, तर तिचे फेरे कमी पडतात, ती कण्हायला लागते आणि सेलची वीज नाव पळवण्याऐवजी मोटर तापवण्यात जाते. भाचा हिरमुसला, म्हणून मी त्याला एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक शेतकरी होता. त्या काळी आगबोटींना दोन्ही बाजूंना मोठमोठी वल्ह्यांची चाकं असत. स्मिथला वाटलं, चाकाऐवजी पाण्याखाली स्क्रू फिरवला तर? १८३५ मध्ये त्यानं कमानीवर चालणारी एक छोटी नाव केली आणि कुठं सोडली माहीत आहे? आपल्याच शेतावरच्या तळ्यात! पुढच्या वर्षी त्यानं पेटंट घेतलं आणि एक खरीखुरी बोट बांधली. तिच्या लाकडी स्क्रूला दोन पूर्ण वेढे होते. जितके वेढे जास्त तितका जोर जास्त, असं त्याचंही गणित. १८३७ मध्ये लंडनच्या एका कालव्यात चाचणी चालू असताना तो स्क्रू कशावर तरी आपटला आणि त्याचा निम्मा भाग तुटून पडला. स्मिथनं कपाळाला हात लावला असेल. पण बोट थांबायच्या ऐवजी जास्तच वेगानं निघाली! स्मिथ हुशार, त्यानं तुटलेला वेढा परत जोडला नाही. १८३८ मध्ये पाण्यात उतरलेलं 'आर्किमिडीज' हे जहाज त्याच स्क्रूच्या बळावर चालत होतं.

"म्हंजे माझं चुकलं ते त्याचंबी चुकलं होतं," भाचा एकदम खुलला.

आता खऱ्या नौकांकडे येऊ. पर्यटकांना भुर्रकन फिरवून आणणारी स्पीडबोट तुमच्यापैकी काहींनी मुंबईला किंवा मालवणला पाहिली असेल. तिच्या मागच्या बाजूला लटकलेलं इंजिन असतं आणि त्याच्या तळाशी पंखा. या पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. समजा, १४ आणि १९. पहिला आकडा पंख्याचा व्यास, इंचांत. दुसऱ्याला म्हणतात पिच. क्रिकेटचं पिच नव्हे हं! लाकडात स्क्रू पिळताना एका फेऱ्यात तो थोडासा आत जातो ना? तसाच हा पंखा एखाद्या घट्ट पदार्थात फिरवला, तर एका फेऱ्यात जितका पुढं सरकेल, ते त्याचं पिच. १९ चा पंखा एका फेऱ्यात १९ इंच, म्हणजे सुमारे ४८ सेंटिमीटर जाईल.

पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे. पावसाळ्यात काळ्या रानात चालताना आपण पाऊल टाकतो एक हात आणि घसरून मागं येतो चार बोटं. पंख्याचंही तसंच होतं. या घसरण्याला स्लिप म्हणतात. हलक्या, वेगवान नौकेत ती दहा-पंधरा टक्के असते, जड नावेत बरीच जास्त.

पंख्याच्या पात्याला पीळ असतो, तो का, हे भाचीनं विचारलं. घरातल्या टेबलफॅनचं पातं बघा (आधी प्लग काढा!). मधल्या बोंडाजवळ ते चांगलंच उभं असतं आणि टोकाकडे आडवं होत जातं. गोल जिना आठवा. आतल्या अंगानं चढलं तर पायऱ्या अरुंद आणि चढण खडी. बाहेरच्या अंगानं पायऱ्या रुंद आणि चढण सोपी. पण एका वेढ्यात दोघंही सारख्याच उंचीवर पोचतात. पात्याचं टोक मोठं वर्तुळ फिरतं, बुडखा लहान वर्तुळ फिरतो, आणि पुढं मात्र दोघांना बरोबरीनं जायचं असतं. म्हणून पीळ.

मग जास्त पिचचा पंखा लावला की नौका जास्त पळेल, नाही का? इथंच भले भले फसतात. मी स्वतः फसलेल्यांच्या नौकेत बसलेलो आहे.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका खाडीवर फिरायला गेलो होतो. एका तरुण नौकावाल्यानं शेजाऱ्याला हरवायचं म्हणून नवाकोरा २३ चा पंखा चढवला होता. सकाळी तो आणि त्याचा मित्र दोघंच होते तेव्हा नौका बाणासारखी गेली. दुपारी आम्ही आठ जण बसलो. अशा नौकेची गंमत अशी, की सुरुवातीला ती पाण्यातून वाट काढत जाते आणि पुरेसा वेग आला की वर उचलली जाऊन पाण्यावर सपाट घसरू लागते. आमची नौका उचललीच गेली नाही. नाक आभाळात, शेपूट पाण्यात, इंजिन घुरघुरतंय आणि पुढं काही सरकत नाही! वीसेक मिनिटांनी इंजिनाची धोक्याची शिटी वाजली. मग तेही बंद. ओहोटी लागलेली, पाणी आम्हाला खाडीच्या मुखाकडे, उघड्या समुद्राकडे ओढू लागलं. अंगात लाइफ जॅकेटं होती, पण एक चिमुरडी रडायला लागली आणि खरं सांगतो, माझ्याही पोटात गोळा आला होता. शेवटी मासेमारीवरून परतणाऱ्या एका होडीनं दोर टाकून आम्हाला ओढून आणलं.

काठावर आल्यावर त्या होडीच्या म्हाताऱ्या तांडेलानं एकच प्रश्न विचारला, "पंखा कितीचा?"

"तेवीसचा."

"इंजिन बघून घेतलास, की शेजाऱ्याची बोट बघून?"

त्या तरुणाकडे उत्तर नव्हतं.

काय चुकलं होतं त्याचं? चाळीसगावहून कन्नडला येताना औट्रम घाट लागतो. माझ्या लहानपणी लाल एसटी तो घाट चढायची तेव्हा ड्रायव्हरकाका पायथ्यालाच गिअर खाली आणायचे. गाडीचा आवाज वाढायचा, वेग कमी व्हायचा, पण गाडी हू की चू न करता वर यायची. तोच घाट त्यांनी टॉप गिअरमध्ये चढायचं म्हटलं असतं, तर गाडी धडधडून बंद पडली असती. वर सपाटीला आल्यावर मात्र दुसऱ्या गिअरमध्ये कोण चालवेल? इंजिन किंचाळेल आणि गाडी रांगेल.

स्पीडबोटीला पुढं, मागं आणि न्यूट्रल एवढंच असतं. घाटाचा गिअर वेगळा, सपाटीचा वेगळा, ही सोय नाही. मग तिचा गिअर कोणता? तिचा पंखा! एकदा बसवला की दिवसभर तोच गिअर. कमी पिच म्हणजे घाटाचा गिअर, जास्त पिच म्हणजे सपाटीचा. म्हणून तो काळजीपूर्वक निवडायचा.

निवडायचा कसा, तर इंजिनालाच विचारायचं. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, की पूर्ण वेगात त्याचे मिनिटाला किती फेरे व्हायला हवेत. समजा, ५००० ते ६०००. नेहमी जेवढी माणसं बसतात तेवढी बसवायची, टाकीत बेताचं इंधन घ्यायचं, शांत पाण्यात मुठीचा पूर्ण जोर द्यायचा आणि काट्यावर फेरे वाचायचे. एकदा जाताना आणि एकदा येताना, म्हणजे वारा आणि प्रवाह यांची फसवाफसवी उरत नाही. फेरे ५००० च्या खाली राहिले, तर पंखा जड झाला. अशा इंजिनाचं तापमान वाढतं, आत ठोके बसतात, दट्ट्ये खराब होतात. फेरे ६००० च्या पुढं पळाले, तर पंखा हलका झाला. इंजिन उगाच भिरभिरतंय.

आता हिशेब सोपा आहे. पिच एक इंचानं कमी केलं, की फेरे साधारण दीडशे ते दोनशेनं वाढतात. आमच्या त्या नौकावाल्याचा काटा आठ माणसांत ४७०० वर अडकला होता, असं धरू. २१ चा पंखा लावला तर ५००० च्या थोडं वर, म्हणजे कसाबसा पास. १९ चा लावला तर ५३०० ते ५५००. हा घ्यावा! दोनच माणसं असली तरी फेरे ६००० च्या आत राहतील. सकाळच्या शर्यतीत तो शेजाऱ्याच्या थोडा मागं पडेल, पण दुपारी आठ माणसांना घेऊन नौका चटकन पाण्यावर उचलली जाईल.

वहीत मांडून बघा. इंजिनाचे ५४०० फेरे. इंजिनाच्या तळातले दाते ते निम्मे करतात, म्हणजे पंख्याचे २७००. प्रत्येक फेऱ्याला ४८ सेंटिमीटर. एका तासाला किती? सुमारे ७८ किलोमीटर आलं की बरोबर. त्यातून पंधरा टक्के स्लिप वजा करा, उरले ६६. पाण्यावर हा वेग छाती दडपून टाकणारा असतो, बरं का!

पात्यांची संख्या, धातू, हे पुढचे प्रश्न. तीन पाती असली की सरळ पाण्यात वेग चांगला मिळतो. चार असली की पकड चांगली, वळणावर नौका घसरत नाही आणि कमी वेगातही पाण्यावर तरंगून राहते. पोलादी पंखा पातळ घडवता येतो, जोरात वाकत नाही, म्हणून शर्यतवाले तोच घेतात. ॲल्युमिनियमचा स्वस्त आणि मऊ. पण खडकाळ तळ असेल, तर मी ॲल्युमिनियमच म्हणेन. दगडावर आदळला तर तो स्वतः वाकतो आणि आतल्या महागड्या दात्यांना वाचवतो.

पंखा जोरात फिरवत गेलं की पाण्याच्या अंगात एक वेगळाच खोडकरपणा शिरतो. त्याचा मोठा फटका बसला चार्ल्स पार्सन्स या ब्रिटिश इंजिनिअरला. त्यानं वाफेवरचं टर्बाइन शोधलं आणि ते बसवून १८९४ मध्ये 'टर्बिनिया' नावाची शंभर फुटांहून लांब नौका पाण्यात उतरवली. इंजिन असं दमदार की विचारू नका. पण वेग? ताशी जेमतेम ३७ किलोमीटर. पार्सन्स चक्रावला. ताकद जाते कुठं?

पाण्यावरचा दाब कमी केला, तर ते गरम न करताही उकळतं. पंखा फार वेगानं फिरला की पात्याच्या पुढच्या अंगाला दाब इतका घसरतो, की गार पाण्यातच वाफेचे बुडबुडे उठतात. पात्याला पाणी लागतच नाही, लागते ती वाफ! शिवाय बुडबुडे फुटताना असे काही ठोके देतात, की धातूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. ते डोळ्यांनी बघता यावं म्हणून पार्सन्सनं १८९५ मध्ये काचेच्या खिडकीची एक लहानशी टाकी बनवली आणि आत छोटे पंखे फिरवून पाहिले. म्हणजे पुन्हा हौदच की! मग त्यानं एका दांड्याऐवजी तीन दांडे घेतले आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवले. जून १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून ब्रिटिश आरमाराचं मोठं संचलन होतं. बोलावणं नसताना टर्बिनिया त्यात घुसली आणि सगळ्या युद्धनौकांच्या देखत ताशी ६० किलोमीटरच्या वर वेगानं पळाली. तिला पकडायला सोडलेल्या बोटी मागं राहिल्या.

आजच्या शर्यतीच्या नौका वेगळीच युक्ती करतात. इंजिन इतकं वर बसवतात, की पंखा निम्मा पाण्यात आणि निम्मा हवेत फिरतो. प्रत्येक पातं पाण्यात शिरताना हवा सोबत घेऊन येतं, त्यामुळे वाफेचे ते मारकुटे बुडबुडे उठत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये विजयवाड्याला कृष्णेच्या पात्रात फॉर्म्युला वन नौकांची शर्यत झाली. ताशी २०० किलोमीटरच्या वर जाणाऱ्या या नौकांना ना गिअर, ना ब्रेक! वळणं जास्त असलेल्या मार्गाला कमी पिचचा पंखा, म्हणजे वळणानंतर झटकन वेग पकडता येतो. लांब सरळ पट्टे असतील तर जास्त पिचचा. त्याआधी मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर शर्यत झाली होती, तिच्यात मात्र सगळ्या नौका एकाच घडणीच्या आणि सारख्या ताकदीच्या होत्या. तिथं कसोटी चालवणाऱ्यांची.

आणि आपल्या नाथसागरात? ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे, तिथं असली धिंगाणा नौका पळवायची नाही. पण हिशेब करायला काय हरकत आहे? जायकवाडी धरण भरलं, की पाण्याची पातळी समुद्रापासून १५२२ फूट असते. जितकं उंच जावं तितकी हवा विरळ, आणि इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागं सुमारे तीन टक्के घटते. मालवणला नीट चालणारा पंखा इथं किंचित जड वाटेल. एक इंच कमीचा लावायला हवा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पूर्ण वेगाची चाचणी माणसांपासून दूर, मोकळ्या पाण्यातच करायची असते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळ इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नौका ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. घारापुरीला निघालेली कितीतरी माणसं घरी परतली नाहीत. पंखा फिरत असेल तेव्हा नौकेच्या मागच्या बाजूला पोहायला जाऊ नये. तुमचे प्रयोगही गुडघाभर पाण्याच्या हौदातच, मोठं माणूस जवळ असताना. विहिरीवर नाही!

तर हौदावर पुढं काय झालं? भाच्यानं कात्री घेतली आणि पंखा थोडा थोडा कापत, दर वेळी नाव सोडून पाहत बसला. मी घड्याळ धरलं. दरेक कापणीला नाव जास्त पळायला लागली, आणि पाचव्या कापणीनंतर पुन्हा मंदावली. "आता लईच कापलं," तो स्वतःच म्हणाला. नवा पत्रा आणून त्यानं चौथ्या मापाचा पंखा केला. संध्याकाळच्या शर्यतीत दोघांच्या नावा जवळजवळ बरोबरीनं गेल्या, पण एक नवंच भांडण सुरू झालं. दोन्ही नावा सरळ न जाता दर वेळी एकाच बाजूला वळत होत्या! भाची म्हणे सुकाणू वाकडं, भाचा म्हणे वारा.

दोघांचंही चूक. मोठ्या नौकांना दोन इंजिनं असतात तेव्हा त्यांचे पंखे सहसा एकमेकांच्या उलट दिशांना फिरवतात, एवढी खूण देऊन ठेवतो. नावा का वळत असतील? उत्तर पुढच्या अंकात. तोवर तुमच्या पंख्याचा व्यास, पात्यांची संख्या आणि हौद पार करायला लागलेले सेकंद पत्रानं कळवा.